शैलाची बोलायची भूमिका

विजापूर रस्त्याला हुरड्याचे स्टॉल लागले. शाळेतून परतताना वळणावरच वास आला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कोवळ्या कणसांचा, थोडा दुधाळ, थोडा करपलेला, आणि मी गाडी न थांबवता तशीच पुढे आले. सोलापूरच्या माणसाने हुरड्याकडे पाठ फिरवावी म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, हे कुणीही सांगेल. आमच्याकडे वर्षभर ऊन तरी असतं, नाहीतर उन्हाची धास्ती तरी. मधे हे एवढेच दिवस गोड. पहाटे अंगावर काटा येतो, रानात शाळू डोक्याच्या वर गेलेला असतो, भाजीवाल्यांकडे हरभऱ्याचे ढाळे येतात, पोरांचे खिसे बोरांनी भरतात. मला हे दिवस फार आवडायचे. आता ते आले की शैला आठवते, आणि ती आठवली की घास फिरतो.

शैला माझी आतेबहीण. ती विलायतेत नटी आहे. हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो आणि समोरचा लगेच विचारतो, "कुठल्या सिनेमात?" तिथे आमची पंचाईत होते. कारण शैला पुष्कळ सिनेमांत आहे आणि तरी कुठल्याच नाही. तिसरीत असताना ती आईवडिलांबरोबर तिकडे गेली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिकडच्या दवाखान्यात डॉक्टर होते. पोरीने डॉक्टर व्हायचं सोडून नाटकाच्या शाळेत नाव घातलं तेव्हा मामांनी म्हणे आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. पहिल्या सिनेमात ती लग्नाच्या मांडवात रडणारी करवली झाली. मग कोपऱ्यावरच्या दुकानात पाव विकणारी बाई. मग टीव्हीवर दवाखान्याची एक मालिका होती, तिच्यात नर्स. ते काम बरीच वर्षं चाललं, रस्त्यात लोक तिला ओळखायला लागले, आणि नेमक्या त्याच सुमारास लेखकांनी तिला बसखाली दिली. वय वाढलं तसे तिला मुलगे झाले, म्हणजे पडद्यावर, आणि प्रत्येक मुलाला पोलीस धरून न्यायचे. शैला दारात उभी राहून म्हणायची, माझा मुलगा असं करणार नाही. किती पोरांची जामीनकी घेतली असेल तिने! एका गुन्ह्याच्या मालिकेत ती नुसतं प्रेत होती. "श्वास रोखून धरायला मला चांगलं जमतं," ती हसत सांगायची, आणि आम्हीही हसायचो, कारण दुसरं काय करणार?

मधल्या रिकाम्या काळात ती डॉक्टरकीच्या मुलांच्या परीक्षेला रोगी म्हणून बसते. तिकडे ही पद्धत आहे. खोटा रोगी, खरी परीक्षा. कधी हिच्या छातीत दुखतं, कधी हिला नवऱ्याच्या मरणाची बातमी द्यायची असते. पोरं एकामागून एक आत येतात आणि प्रत्येक पोरासमोर ही नव्याने रडते. मी म्हटलं, "इतकं रडायला येतं कसं गं?" तर म्हणाली, "सुमे, तिथे निदान समोरचा माझ्याकडे बघत असतो."

मामा गेले आणि गंगाआत्या सोलापूरला आमच्याकडे राहायला आली. इतकी वर्षं इंग्लंडात काढून तिने येताना चहात बिस्किट बुडवायची सवय तेवढी आणली. बोलणं तसंच, अक्कलकोटकडचं, निम्मं मराठी निम्मं कानडी. शेजारीण दारात आली की "बा, कुंद्र", म्हणजे ये, बस, असं म्हणून पाट सरकवायची आणि मग पुढचं सगळं मराठीत. लेकीची कामं तिने तिकडे असताना पाहिली होती, पण तिला ती आवडत नसत. "इंग्रजीत बोलाय लागली की ती माजी लेक वाटतच न्हाय," म्हणायची. "कुनाचीबी वाटती." पुढे काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले. ती दिवसभर रेडिओ लावून बसे, आणि आवाजावरून माणूस ओळखण्यात इतकी तरबेज झाली की जिन्यात कोण खोकलं हेही तिला कळे.

गेल्या वर्षी येळअमावस्येच्या आधी शैला आली. एकटीच, दोन बॅगा घेऊन, केस पांढरे ठेवलेले. आल्या दिवशीच तिने आम्हा दोघींना, आत्याला आणि मला, खोलीत बसवून दार लावलं. तिला काम मिळालं होतं. मोठं. आयुष्यात पहिल्यांदा मुख्य. सोलापूरकडून लग्न करून गेलेली एक बाई, तिकडच्या कापडगिरणीत जन्म गेलेला. म्हातारपणी तिची इंग्रजी हळूहळू पुसली जाते आणि ती फक्त आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागते. पोरांना ती कळत नाही. खरं तर कागदावर ती बाई भारतातल्या कुठल्यातरी गावची होती, पण निवडीच्या वेळी शैला त्यांच्यासमोर आत्यासारखी बोलली आणि त्यांनी त्या बाईला सोलापूरची करून टाकलं. आता ती भाषा पक्की करायला ती घरी आली होती. एकच अट होती. वाहिनी जाहीर करेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग चाचपडत शैलाचा हात धरला आणि विचारलं, "म्हंजी टीव्हीत तू आपल्यावानी बोलनार?"

"हो अव्वा." आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात.

"मग मला ऐकाय येईल की."

एवढंच. मला त्या क्षणी असं वाटलं की ह्या बाईने डोळे गेल्याचं दुःख इतकी वर्षं एका बाजूला ठेवलं होतं आणि आज ते कुणीतरी उचलून घेतलं. त्यानंतर तिला दुसरं काही नको होतं. देवाला ती हेच सांगायची, लेकीचा आवाज ऐकून मग काय ते होऊ दे.

शैलाचं मराठी तिसरीतच थांबलेलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण तिला ताप यायचा नाही, "अंग गरम" व्हायचं. रुसली की "कट्टी" म्हणायची. स्वयंपाकघरात ती आत्याच्या मागे मागे असायची, भाकरी थापताना, लसूण सोलताना, शेंगाचटणी कुटताना, आणि आत्याचं प्रत्येक वाक्य पुटपुटून बघायची. आत्याला आधी गंमत वाटली, मग ती मास्तरीण झाली. "आसं न्हाय. नाकातनं नगं. पोटातनं काड." मी शाळेत भूगोल शिकवते, मुलांनी "हाय-न्हाय" केलं की त्यांना टोकते, आणि घरी येऊन पाहते तर विलायतेची नटी जीव तोडून "न्हाय" म्हणायला शिकतेय. हळूहळू तिचा चेहराही बदलला. बोलताना मान जराशी तिरकी करायची, ओठ आत घ्यायची. एकदा मी बाहेरून हाक मारली, आतून "आले गं" आलं आणि मला कळलं नाही की आई बोलली की लेक.

येळअमावस्येला, रानातल्या पिकाच्या पूजेला, आम्ही शेतावर गेलो. आमचं थोडंसं रान अक्कलकोटच्या अलीकडे आहे. ज्वारीत कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. बायका डोक्यावर मिसळीच्या भाजीचं, म्हणजे भज्जीचं भांडं, आंबिलाचं मडकं घेऊन येतात. शैलाने आंबिलाचं मडकं मागून घेतलं. बांधावरून चालताना निम्मं आंबील तिच्या पाठीवर सांडलं, रानातल्या सगळ्या बाया हसल्या, आणि ती त्यांच्याहून मोठ्याने हसली. शाळूच्या ताटांतून वारा जायचा तेव्हा आत्या मान वर करून ऐकायची. "पीक चांगलं हाय," म्हणायची. डोळ्यांनी न बघता. जेवणानंतर आगटी पेटवली, कणसं भाजली, शैलाने तळहातावर हुरडा चोळून फुंकर मारली आणि पहिला घास आईला भरवला. तोंडाला काजळी, केसात कूस. गुळाचा खडा मोडत ती मला म्हणाली, "सुमे, मी इतकी वर्षं कुणाची तरी आई झाले, कुणाची तरी शेजारीण झाले. आता पहिल्यांदा मी कोण आहे ते मला माहीत आहे." ते ऐकून मला रडू आलं, आणि धुरामुळे आलं असं मी सांगितलं. मी इतकी सुखी मंडळी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

आता मल्लूचं सांगायला हवं. मल्लिनाथ माझा धाकटा भाऊ. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, मनाने सोनं, आणि पोटात काही राहत नाही. आत्याच्याही राहत नव्हतं. शेतावरून परतताना गाडीत तिने मोठ्या प्रेमाने त्याला सांगून टाकलं, आणि वर बजावलं की कुणाला सांगू नको. मल्लूने खरंच कुणाला सांगितलं नाही. त्याने फ्लेक्स लावला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या सोलापुरात कुणी दहावी पास झालं की फ्लेक्स, कुणाचा वाढदिवस असला की फ्लेक्स, कुणी वारलं की त्याच खांबावर काळ्या कडेचा फ्लेक्स. चौकातल्या फ्लेक्सवर नाव नाही म्हणजे घरच्यांना तुमची किंमत नाही, असा इथला सरळ हिशेब. घरची पोरगी विलायतेत नायिका झाली आणि भाऊ गप्प बसला, तर लोक भावाला काय म्हणतील? एका सकाळी शैला दूध आणायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेली आणि वर बघत उभी राहिली. "सोलापूरची कन्या, विलायतेची शान! इंग्लंडच्या मालिकेत मुख्य नायिका म्हणून निवड झाल्याबद्दल शैलाक्का यांचे हार्दिक अभिनंदन." तिचा फोटो जुना, नर्सच्या कपड्यातला. खाली शुभेच्छुक म्हणून मल्लू आणि त्याचे मित्र, गॉगल लावून, फोनवर बोलतानाचे, शैलापेक्षा मोठे. ती आधी पोट धरून हसली. मग एकदम तिचा चेहरा उतरला. घरी येऊन तिने हळू आवाजात विचारलं, "मल्लू, हा काढता येईल का?"

"का अक्का? फोटो बरोबर आला न्हाय व्हय? नवीन छापतो की."

कारण कळल्यावर तो अनवाणी धावत गेला, स्वतः खांबावर चढला आणि फ्लेक्स उतरवला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्याच्या मित्रांनी फोटो टाकला होता, सगळ्या ग्रुपांवर तो फिरला, गावच्या एका बातमी पानाने शैलाच्या नावासकट छापला. तिकडे कुणीतरी तिचं नाव शोधलं असेल तर पहिलं तेच दिसलं असेल, गॉगलवाल्या पोरांसकट.

पुढचे काही दिवस ती आत्याजवळ बसून शिकत राहिली. फोन वाजला की वाक्य अर्ध्यावर सोडायची. मग एका दुपारी गच्चीवर, मी पापड उन्हात घालत होते, तिला फोन आला. ती फक्त "येस" म्हणत होती, फार नम्रपणे. फोन ठेवून तिने मला सांगितलं की त्यांनी वेगळा विचार करायचं ठरवलंय. तिकडे नाही म्हणायची हीच रीत. नाही असं कुणी म्हणतच नाही.

"फ्लेक्समुळे?" मी विचारलं.

"नाही गं. त्यांना बहुतेक जास्त नाव असलेली बाई मिळाली. फ्लेक्समुळे नाही." ती पापड उलटायला लागली. ते अजून ओले होते, उलटायचे नव्हते, आणि मी तिला थांबवलं नाही. "मल्लूला मात्र सांग की फ्लेक्समुळे नाही. आणि अव्वाला काहीच सांगू नकोस."

ते खरं होतं की मल्लूसाठी रचलेलं होतं, मला आजही ठाऊक नाही. मल्लूला तर ते एक क्षणही खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्याने एकाही फ्लेक्सवर स्वतःचा फोटो दिला नाही. मित्र त्याला चिडवतात, "काय बे, साधू झालास का?"

शैला ठरल्यापेक्षा आधी परत गेली. आत्याला वाटलं, शूटिंगला बोलावलं. तिने लेकीला शेंगापोळ्या बांधून दिल्या, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोटातनं बोल." शैला म्हणाली, "व्हय अव्वा." किती छान म्हणाली! अगदी आत्यासारखं. ते शिकलेलं आता कुठे वापरायचं होतं तिने?

नंतर तिकडून कळलं की त्याच मालिकेत तिला छोटंसं काम दिलंय. इस्पितळात शेजारच्या खाटेवरची बाई. बोलायचं नाही. तिने ते घेतलं. मी फोनवर तिच्यावर चिडले, म्हटलं, "स्वाभिमान आहे की नाही?" ती म्हणाली, "सुमे, अव्वा वाट बघतेय. मी त्या मालिकेतच नसले तर तिला काय सांगशील?" पुढे सगळं वर्ष आत्या येईल त्याला सांगत होती की माझी लेक टीव्हीत आपल्यावानी बोलनार हाय. आणि आम्ही मान डोलवत होतो. डोळे नसलेल्या माणसासमोर मान डोलवून काय उपयोग, हेही आमच्या ध्यानात राहिलं नाही. कधी वाटायचं, मालिका बंदच पडावी. कधी, देवा क्षमा कर, वाटायचं की ती यायच्या आधी आत्याच सुखाने जावी. खोट्याला इतकं वय झालं की ते कुणी कसं मोडायचं?

आणि गेल्या रविवारी ती मालिका आली. मल्लूने कुठून कुठून खटपट करून ती दुपारी टीव्हीवर लावली. आत्या न्हाली, तिने हिरवी इरकल नेसली. "टीव्ही बघायला इरकल?" मी कशीबशी थट्टा केली. "लेक घरला येनार हाय न्हवं?" ती म्हणाली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावली. शेजारच्या दोघीतिघी येतो म्हणत होत्या, त्यांना मी काहीतरी सांगून वाटेला लावलं.

बराच वेळ इंग्रजी चाललं. मग ती बाई स्वयंपाकघरात उभी राहून आपल्या मुलीला मराठीत बोलली. ती नटी चांगली होती, खोटं कशाला सांगू. शब्द सगळे बरोबर होते, कुणीतरी नीट शिकवले होते. "हाय" होतं, "न्हाय" होतं. पण ते नाकातून येत होतं. मल्लूला काय झालं कोण जाणे, तो एकदम म्हणाला, "आत्या, हीच की शैलाक्का. ऐक की." आमचं तसं काही ठरलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. आत्याची बोटं पदराचा काठ चाचपत राहिली.

शेवटी इस्पितळ आलं. खाटेवर पांढऱ्या गाऊनमध्ये शैला. शेजारी ती बाई रडत होती, आपल्या बोलीत कुणालातरी हाका मारत होती, आणि कुणालाच ते समजत नव्हतं. शैलाने नुसती मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. एका श्वासाएवढंच. त्या पाहण्यात इतकं होतं की मी तोंडावर हात धरला. तिच्या साऱ्या कामांत मला ते सर्वात मोठं वाटलं, आणि ते आत्यापर्यंत पोहोचायला काही वाटच नव्हती. खोलीत यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आत्या तीही कान देऊन ऐकत होती.

संपल्यावर थोड्या वेळाने शैलाचा फोन आला. मी तो आत्याच्या कानाला लावला.

"अव्वा, ऐकलंस?"

"ऐकलं की. समदं ऐकलं."

"कसं झालं?"

"लई ग्वाड बोललीस," आत्या म्हणाली. "आपल्या घरातल्यावानी."

तिकडून "थँक्यू अव्वा" आलं. आत्याने विचारलं, जेवलीस का. ती हो म्हणाली. फोन बंद झाला.

मल्लूने डोळे पुसले. "पटलं आत्याला," तो माझ्या कानात म्हणाला आणि बाहेर निघून गेला, किती दिवसांनी त्याची पाठ ताठ दिसली. मी टीव्ही बंद केला. आत्या त्याच दिशेला तोंड करून बसली होती.

"सुमे," ती म्हणाली, "ती बाई कोन गं?"

"कुठली आत्या?"

"जी बोलली ती."

तिने इरकलीचा पदर डोक्यावरून नीट घेतला.

"तिची बी आई आसंल की कुटंतरी," आत्या म्हणाली. "तिला लई बरं वाटलं आसंल."